शमुवेलच्या घराची मागची भिंत

शमुवेल मेला तेव्हा घराला मागची भिंत नव्हती.

घर म्हणजे प्लास्टिकचं. मांडीवर मावेल एवढं.

दौंडला त्यांचं रेल्वे क्वार्टर होतं, ते पाडलं. त्याच्या बायकोची, मार्थावहिनींची नजर त्याआधीच गेलेली. त्यांना बोटांनी बघता यावं म्हणून रिटायर झाल्यावर त्यानं त्या क्वार्टरचं मॉडेल करायला घेतलं.

त्यामुळे प्रत्येक कड साफ हवी. कुठं कुसळ राहिलं तर वहिनींच्या बोटात जाणार.

शिरूरला बोर्ड बनवणाऱ्याकडे उरलेली पांढरी शीट मिळायची. ती घेऊन मी एसटीनं दौंडला जायचो. तो कापायचा, मी शीट धरायचो.

एकदा त्यानं कटर माझ्या हातात दिला. एका दमात आरपार कापायला गेलो. स्टीलची पट्टी सरकली, काप वाकडा गेला.

"आरं, भोपळा चिरतोय का? दाबू नगं. नुसती रेघ वढ. परत त्याच रेघंवर वढ. मग वाकव, आपोआप तुटतं."

"आन् न्हाई तुटलं तर?"

"तुझं हे आधीच सुरू!"

गेल्या महिन्यात तो झोपेतच गेला.

माती झाली. पाहुणे पांगले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढी मागची भिंत करा."

शीटचा एकच तुकडा उरला होता. तो बिघडला असता तर? बोर्डवाल्यानंही धंदा बंद केलेला.

पट्टी दाबून धरली. हलक्या हातानं रेघ ओढली. परत ओढली. वाकवलं.

कट्ट.

सरळ तुटलं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण टोचलं तर, म्हणून पॉलिश पेपर घेतला आणि घासत बसलो.

कड गुळगुळीत झाली. भिंत आखूड झाली.

बसवल्यावर कोपऱ्यात फट राहिली.

वहिनींनी घर मांडीवर घेतलं. ओटा, दार, खिडकी. बोटं मागं गेली. फटीत नख अडकलं.

"टोचतंय का?"

"न्हाई. फट हाय इथं."

"जास्त घासलं गेलं, वहिनी."

त्यांनी परत एकदा बोट फिरवलं. हसल्या.

"असू द्या. ह्यांना सांगू नका म्हंजी झालं."

शमुवेल, घर पूर्ण झालं.

बाकी काही नाही. निवांत झोप.