सहेरीची गोळी

कारंज्याची देवळं पाहून झाली होती, कामरगावला मैत्रीण वाट पाहत होती आणि एस.टी. माझ्या नाकावर टिच्चून निघून गेली. पंचाहत्तरचा सप्टेंबर, सकाळचे आठ. शेवटी कामरगावच्या युसूफभाईंच्या भाड्याच्या जीपमध्ये शिरले. पुढे युसूफभाई, त्यांच्या शेजारी बहिणीकडे निघालेले कापडवाले जैन शेटजी, मागे मी.

दोन्ही अंगांना ज्वारी, मध्येच तूर. मी दशम्यांचा डबा पुढे केला.

"बाई, माहा रोजा हाय," युसूफभाई म्हणाले. शेटजींचं पर्युषण. खादाड मी एकटीच उरले.

कोस-दोन कोस गेलो असू. जीप हळूहळू डावीकडे जायला लागली. खड्डा चुकवताहेत असं मला वाटलं. शेटजी "युसूफ!" असं ओरडले, तोवर आम्ही थेट तुरीत. दशम्या माझ्या पदरात, ठेचा शेटजींच्या टोपीवर. खरचटलं कुणालाच नाही. युसूफभाई डोळे चोळत होते.

"माणसं नेता की पोती?" मी कडाडले.

त्यांनी मान खाली घातली. "डोक्याच्या डॉक्टरची गोयी (गोळी) हाय, बाई. रातची. पन रोज्यात रातच्याले तरावीह (रमजानची लांबलचक जादा नमाज) असते. गोयी घेतली का उभ्या उभ्या डुलतो मी. म्हनून सहेरीले (पहाटेच्या जेवणाला) घेऊन राह्यलो."

देवापुढे डुलायची लाज वाटली म्हणून हा माणूस स्टिअरिंगवर डुलत होता! मला संताप आला आणि हसूही.

"कायले खातं त्या गोया? फेकून दे," शेटजी म्हणाले.

"फेकल्या होत्या, शेटजी. माही बायकोच मले दुश्मन वाटे. दगड घेऊन धावलो तिच्यावर." ते आपल्या हातांकडे पाहत राहिले. "कोनाले सांगू नका. लोकं गाडीत बसनार नाहीत. मले दुसरं काही येत नाही."

माझा राग पार विरघळला. त्या न पाहिलेल्या बाईसाठी आणि त्यांच्यासाठीही फार वाईट वाटलं. "गोळी सोडू नका," मी म्हटलं. "पण डॉक्टरांनी रात्रीची दिली ना? मग रोजा सुटल्यावरच घ्या. आजाऱ्याला अल्ला बसून नमाज पढू देत नाही का?"

"देते," ते हळूच म्हणाले.

"मग झालं तर. आणि गाडीचं डॉक्टरांना सांगा."

एका बैलजोडीनं जीप बाहेर ओढली. युसूफभाई लिंबाखाली दुपारपर्यंत गाढ झोपले. शेटजी उपरण्यानं त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत बसले. उठल्यावर दोनदा तोंड धुऊनच त्यांनी आम्हाला कामरगावला पोचवलं.

तिसऱ्या दिवशी मी कारंज्याला परतायला निघाले. जीपमध्ये चार-पाच माणसं आधीच बसली होती. शेटजीही परत निघाले होते, नुकतेच पूजा आटोपून आले होते. त्यांनी युसूफभाईंच्या कानाशी लागून विचारलं, "रातीच घेतली ना?"

"घेतली. बसून नमाज पढलो. पन डोये अजून जड हायत. आज गाडी नाही काढत."

"काहून? काय झालं?" मागून गिल्ला झाला.

पूजा करून आलेले शेटजी वळले आणि धडधडीत खोटं बोलले. "ब्रेक लागून नाही राह्यला. उतरा. एस.टी.नं जाऊ."

"मीही पाहिलं," मी पुस्ती जोडली.

लोक कुरकुरत उतरले. कारंज्यापर्यंत मी उभ्यानं आले, पाय भरून आले. पण वाटभर मनात एकच होतं. आता या माणसाच्या गाडीत मी कधीही निर्धास्त बसेन.