मायच्या गोळ्या मी कोंडल्या

"तुझी माय पाणी पिते का गिळते गं? मघाशीच तांब्या भरून दिला. तुमच्या लोकांला खोली दिली, आता हौद बी नावावर करून देऊ का?"

घरमालकीण हौदापाशी उभी राहून बोलली. गल्लीचा टँकर याच हौदात रिकामा व्हायचा. सगळी गल्ली त्याची वाट बघत घागरी घेऊन उभी होती. माय तांब्या पुढं करून उभी. मालकीण वरून धार धरायची. हौदाला आम्ही शिवायचं नाही. मी मान खाली घातली.

लातूर नुकताच जिल्हा झालेला. नव्या कचेरीत मी टायपिस्ट. पावसानं दोन वर्षं तोंड फिरवलेलं. थोरला भाऊ वारल्यापासून माय मुखेडला भिंतीकडं तोंड करून पडून असायची. खात नव्हती. रडतही नव्हती. मी तिला लातूरला आणलं, दवाखान्यात दाखवलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. "ही झोपेची गोळी नाही. मेंदूत निरोप पोचवणारी द्रव्यं असतात, ती लवकर ओसरू नयेत म्हणून ही. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. त्रास आधी होईल. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही, उठताना चक्कर येईल. पाणी भरपूर द्या. मनानं बंद करू नका."

तिसऱ्या आठवड्यात माय उठली. आपली आपण वेणी घातली. "आज भाकरी मी टाकते," म्हणाली. पण जीभ टाळूला चिकटायची. मग तांब्या घेऊन हौदाकडं जायची.

त्या दिवशी गल्लीदेखत ऐकून घेतलं आणि घरात येऊन मायवरच ओरडले. "किती पाणी लागतं तुला? लाज न्हाई वाटत?" गोळ्यांची पुडी पेटीत टाकली. कुलूप लावलं. शिकलेली मी. डॉक्टरांचं सगळं ऐकलेली मी.

चार दिवसांत मायला मळमळ, घाम. झोप उडाली. पंधरवड्यात माय परत भिंतीकडं वळली. भाकरीला हात लावीना. धरून दवाखान्यात नेलं.

"गोळ्या कोणी बंद केल्या?"



"म्याच सोडल्या, सायेब," माय म्हणाली. "इसरले."

रिक्षात ती माझा हात धरून बसली. तो हात मला सहन होईना.

घरी आले तशी पेटी उघडून पुडी बाहेर काढली आणि तांब्या घेऊन हौदावर गेले. झाकण काढलं. बुडवून भरला.

मालकीण धावत आली. "अगं, हौद बाटवलास की!"

"टँकर गल्लीचा हाय, काकू. माझी माय आजारी हाय. लागंल तवा असंच भरणार."

"खोली खाली कर."

"करीन. तोवर रोज भरणार."

महिनाअखेर खोली सोडली. तोवर रोज भरला.

पण मालकिणीला बोलले म्हणून माझं ओझं उतरलं नाही. तिनं पाणी तोडलं, औषध मी तोडलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांना मायसमोरच सांगितलं, "माय खोटं बोलली. गोळ्या मी कोंडल्या होत्या. पाण्यावरून बोलणी बसली म्हणून."

"जाऊ दे की गं," माय म्हणाली.

"न्हाई माय. हे जाऊ द्यायचं न्हाई."