दादाच्या गाडीची मोठी चाकं

तिचं खरं नाव दुकानांच्या त्या ओळीत कुणालाच धड आठवत नसे. सगळे तिला काटेताई म्हणत. आडनाव काटे नव्हतं. कामात काटेकोर, म्हणून काटेताई. टायर घेऊन येणारा टेम्पोवाला पावतीवर 'सौ. काटे' असंच लिहायचा आणि तिच्या नवऱ्याला काटेसाहेब म्हणायचा. नवऱ्यानंही ते कधी दुरुस्त केलं नाही.

दुकान मुळात त्याचं. कंबर गेली, डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली, तेव्हा तो टेबलाशी बसला आणि ती चाकांपाशी. त्याला नऊ वर्षं झाली. टायर रिमवर चढवणं, चाक मशीनवर फिरवून त्याचा तोल बघणं, शिशाची पट्टी नेमक्या जागी ठोकणं, हे सगळं ती बोटं चेचून घेत शिकली. स्वभाव मुळात अस्वस्थ. एका जागी बसली की पाय हलायला लागायचा. गाडी दुकानातून गेली तरी तिच्या डोक्यातून तासभर जात नसे. नट आवळला ना? हवा बघितली ना? नवरा म्हणायचा, "गाडी गिऱ्हाइकाची आणि घोर तुला."

तिला एक थोरला भाऊ होता. तिनं हे काम हातात घेतलं तेव्हा दादा एवढंच म्हणाला होता, "आपल्या घरातली बाई जमिनीवर बसून नट आवळणार?" त्यानंतर तो दुकानाकडे फिरकला नाही. घरी यायचा, जेवायचा, भाचीच्या अभ्यासाची चौकशी करायचा. पण दुकानाचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवायचा. तिनं कधी तक्रार केली नाही. पण रस्त्यावर त्याच्या गाडीच्या रंगाची गाडी दिसली की हातातला पाना क्षणभर थांबायचा.

आणि एका सोमवारी सकाळी तीच गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली. मागच्या सीटवर खोक्यात चार नव्या कोऱ्या रिम्स होत्या, काळ्या, चकचकीत, आधीच्यापेक्षा तीन इंचांनी मोठ्या.

"या बसवायच्यात," दादा म्हणाला. "टायर तुझ्याकडचे घेतो. चांगले उंच, भरदार दे."

तिनं आधी खुर्ची पुसली, मग पाणी आणलं, मग नवऱ्याला उगीचच हाक मारली. हे सगळं झाल्यावर ती रिमपाशी बसली आणि तिनं माप घेतलं.

"दादा, रिम मोठी घेतली की टायर कमी उंचीचा घ्यावा लागतो. म्हणजे सगळं मिळून चाक पहिल्याएवढंच राहतं. तू म्हणतोस तो घातला तर चाक दोन इंच उंच होईल. मडगार्डला घासेल."

"माझ्या मित्रानं घातलेत."

"त्याची गाडी वेगळी आहे."

"तुला जमत नसेल तर तसं सांग. मी दुसरीकडे जातो."

नऊ वर्षांनी आलेला माणूस दुसरीकडे जाणार होता. ती उठली आणि तिनं जॅक लावला.

काम तिनं जीव ओतून केलं. चारही चाकांचा तोल दोनदा तपासला. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितलं. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटभर जागा राहत होती. "वेगाचा काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी पासष्टच्या पुढं असेल," तिनं बजावलं. "आणि मागं फार माणसं बसवू नकोस." हे दुसरं वाक्य ती अर्धवट तोंडातल्या तोंडात बोलली. दादा तोवर रस्ता ओलांडून पलीकडे गेला होता आणि लांबून गाडी बघत होता. परत येऊन तो नवऱ्याला म्हणाला, "काम नीट करते हो." जुनी चाकं त्यानं दुकानातच ठेवली.

दुपारभर ती हवेत होती. संध्याकाळपासून मात्र पाय हलायला लागला. बोटभर जागा होती ती रिकाम्या गाडीत. माणसं बसली की गाडी खाली बसते. खड्ड्यात आणखी खाली जाते. हे तिला माहीत होतं, आणि माहीत असूनही तिनं गाडी सोडली होती. भाजी चिरताना, कपडे घडी करताना तेच. मंगळवारी तिनं दादाला फोन केला. "एकदम झकास चालतेय," तो म्हणाला आणि त्यानं ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी आईचा फोन आला. "आम्ही थोरल्या मावशीकडे निघालोय. दादा, वहिनी, मी आणि तुझ्या बाकीच्या दोघी मावश्या. मागे तिघी दाटीवाटीनं बसलोय, पण मजा येतेय."

थोरल्या मावशीचं गाव घाटाच्या पलीकडे. तीन जाड बायका मागच्या सीटवर, डिकीत सामान, आणि पुढं वळणावळणाचा उतार. तिनं दादाला फोन लावला. त्यानं कट केला. वहिनीनं उचलला.

"वहिनी, मागून काही आवाज येतोय का?"

"येतोय ना. खड्डा आला की खर्र होतं. हे म्हणतात नवीन टायर आहेत, रुळतील."

"त्याला थांबायला सांगा."

पलीकडे काहीतरी बोलणं झालं. मग वहिनी ओशाळून म्हणाली, "हे म्हणतात, तू दुकान बघ."

तिनं फोन खिशात टाकला. नवरा टेबलावरून बघत होता. त्यानं व्हॅनची किल्ली पुढं केली. जुनी चार चाकं तिनं व्हॅनमध्ये टाकली, त्यांचे जुने नट आठवणीनं घेतले, कारण नव्या रिमचे नट जुन्याला बसत नाहीत, आणि ती निघाली.

चाळीस किलोमीटर ती कशी गेली ते तिला नंतर सांगता येईना. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता दिसेल. कडेला फाटलेल्या टायरचा तुकडा पडलेला दिसला तेव्हा तिनं करकचून ब्रेक दाबला. तो जुना ट्रकचा निघाला. एवढी वर्षं लोकांच्या गाड्या सांभाळल्या आणि आईला ज्या गाडीत बसायचं तीच तशी सोडली, हे काही केल्या डोक्यातून जाईना. दादाला नाही म्हणायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का?

घाट सुरू होण्याआधीच्या पेट्रोल पंपावर तिला काळी चाकं दिसली. दोघी मावश्या सावलीत उभ्या होत्या, आई दार उघडं टाकून गाडीत बसली होती, आणि दादा वैतागून येरझाऱ्या घालत होता.

"आईला मळमळतंय," तो म्हणाला. "तू इथं कशी?"

ती मागच्या चाकापाशी बसली. टायरच्या कडेवरून हात फिरवला, आणि मग दादाचा हात धरून तिथं ठेवला. मडगार्डच्या पत्र्यानं रबराला नखभर खोल खाच पाडली होती. आतले धागे बोटाला लागत होते.

दादा बराच वेळ हात काढेना.

"उतारावर फुटला असता?" त्यानं हळूच विचारलं.

"फुटला असताच असं नाही. पण फुटला असता तर तिथंच."

"तू सांगितलं होतंस."

"सांगितलं, पण बसवले मीच. तू आलास याचा आनंद झाला होता मला. चूक माझी आहे."

तिनं पंपाच्या कोपऱ्यात गाडी घ्यायला लावली आणि जॅक लावला. चारही चाकं बदलायला पाऊण तास लागला. दादा शर्टाच्या बाह्या सरसावून जमिनीवर बसला आणि एकेक नट तिच्या हातात देत राहिला. दोनदा त्यानं नव्या रिमचा नट पुढं केला; तिनं परत केला. धाकटी मावशी म्हणाली, "तुम्ही लहानपणी पत्ते खेळायला पण असे शेजारी बसला नव्हतात." कुणी हसलं नाही, पण दादाचे कान लाल झाले.

निघताना आईनं तिला खिडकीशी बोलावलं.

"मळमळ थांबली का?" तिनं विचारलं.

"मला कुठं मळमळत होतं," आई पुटपुटली. "तुझा फोन आल्यावर वहिनीचं तोंड बघितलं. तो तुझ्या सांगण्यावरून थांबणार नाही, हे काय मला ठाऊक नाही?"

गाडी घाटाला लागली. ती पंपावरच उभी राहिली, आणि पोचल्याचा फोन येईपर्यंत व्हॅनमध्ये बसली नाही.

दादा त्यानंतर दोन महिने दुकानाकडे आला नाही. तिनंही बोलावलं नाही. मग एका रविवारी आला, तिनं घरी पाठवून दिलेल्या काळ्या रिम्स विकून टाकल्याचं सांगितलं आणि खुर्ची ओढून बसला. "तूच सांग, या गाडीला काय शोभेल आणि काय झेपेल." तिनं एका इंचानं मोठी रिम आणि कमी उंचीचा टायर काढला. तो म्हणाला, "एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच." त्यानं मान डोलावली.

मोठी चाकं बसवलेली गाडी ती आता नुसती रिकामी तपासून सोडत नाही. शेजारचा शिंपी, चष्मेवाला आणि समोरच्या बेकरीची धिप्पाड मालकीण यांना मागच्या सीटवर कोंबते, गाडी गतिरोधकावरून नेते आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून कान देते. गिऱ्हाइकं हसतात. बेकरीवाली म्हणते, "मला बसायचं भाडं लाव." काटेताईला त्यात गंमत वाटत नाही. गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होते, ती हात पुसत आत येते, पुढच्या चाकाशी बसते, आणि पाय हलतच असतो.