मराठी नंबराची पाटी

बाळांनो,

आपल्या नगरच्या घरातला जुना लिनक्स कॉम्प्युटर गेल्या आठवड्यात कायमचा बंद पडला. भंगारात जाण्याआधी त्याच्या केसची हकीकत तुमच्यासाठी लिहून ठेवते. पोलीस खात्यात मी खून आणि दरोडे पुष्कळ पाहिले, पण निवृत्तीनंतरचा हा प्रकार मला अजून शब्दन्‌शब्द आठवतो. कुणाचं नाव घेणार नाही. संशयित रोज चहाला येतो.

तुमच्या आजोबांच्या आवाजातली एकच गोष्ट उरली होती आणि ती त्या कॉम्प्युटरमध्ये होती. तुमच्यातल्या धाकटीला ती ऐकल्याशिवाय झोप लागत नसे. तुम्ही सगळे परदेशात, म्हणून थोरली तिथूनच त्या कॉम्प्युटरमध्ये शिरून तिला ती लावून द्यायची. असं शिरण्याच्या दाराला पोर्ट म्हणतात. दाराला नंबर असतो. आपला होता बावीस. डिस्क कुरकुरायला लागली होती, पेनड्राइव्हची खोबण मोडली होती, आणि नक्कल उतरवून घ्यायचं थोरलीचं आज-उद्या चाललं होतं.

खबर तिच्याकडूनच आली.

"आजी, आत जाताच येत नाहीये. गेली का गं गोष्ट?"

"आधी रडू नकोस. समोर काय लिहून येतंय, शब्दशः सांग."

"कनेक्शन रिफ्यूज्ड."

मी घटनास्थळ पाहिलं. मशीन चालू होतं, दिवे लुकलुकत होते. पहिला संशय इंटरनेटच्या वायरमनवर, कारण त्याने भिंतीला भलतीकडेच भोक पाडलं होतं. पण 'रिफ्यूज्ड' या शब्दाने त्याला सोडवलं. रिकाम्या घराचं दार वाजवलं तर कुणी 'नाही' म्हणत नाही. नकार आला, म्हणजे हाक घरापर्यंत पोचत होती.

दुसरा संशयित माझा धाकटा दीर, नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला इलेक्ट्रिशियन. मी श्रीगोंद्याला लग्नाला गेले तेव्हा घराची किल्ली त्यांच्याकडे होती. चौकशीत मी कधी आवाज चढवला नाही. चहा पुढे ठेवायचा आणि आपण गप्प बसायचं.

"भाऊजी, कॉम्प्युटरला हात लावलात?"

"वहिनी, मी काय चोर हाय व्हय?"

मी खारीची बशी पुढे सरकवली. त्यांची खारी चहात बुडाली ती वर आलीच नाही.

"लावला. पर चोरांपायीच लावला! मोबाईलवर आल्तं, बावीस नंबरच्या दारावर जगभरचे चोर टकटक करत्यात. म्हनून नंबर बदलला. बावीस बावीस केला. इंटरनेटच्या डब्यातबी मोबाईलवरनं तोच जोडला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी लगेच पंचनामा केला असता."

थोरलीला फोनवर नवा नंबर दिला. पुन्हा नकार. दीर चिडले. "बघा की, समोरच लिवलंय!" स्क्रीनवर इंग्रजीत 'पोर्ट' आणि पुढे स्वच्छ २२२२. मलाही ते बरोबरच दिसलं. थोरलीच्या सांगण्यावरून ते दार सांभाळणारी कॉम्प्युटरमधली सेवा पुन्हा चालू करून पाहिली, तर इंग्रजीत एक ओळ उमटली.

"भाऊजी, मशीन म्हणतंय नंबर वाईट लिहिलाय."

"माझं अक्षर वाईट? टाइप केलंय की!"

आणि मला पाथर्डी रस्त्यावरची नाकाबंदी आठवली. उसाच्या ट्रॅक्टरवर ऐटीत रंगवलेल्या मराठी आकड्यांच्या पाट्या! नंबर खरा, गाडी खरी, मालक समोर उभा, तरी नियमाने आकडे इंग्रजीच हवेत म्हणून पावती फाडावी लागायची.

"भाऊजी, पाटी मराठीत आहे!"

घरच्या ग्रुपवर रोज सकाळी ते मराठीतून शुभेच्छा टाकतात. त्या दिवशीही आधी त्याच कॉम्प्युटरवरून शुभेच्छा गेल्या होत्या आणि कीबोर्ड मराठीवरच राहिला होता.

"दोन म्हंजी दोन! त्याला मराठी यीना, तर माझा काय गुन्हा?"

आरोपीच्या हातूनच दुरुस्ती करून घेतली: 2222. या वेळी सेवा निमूट सुरू झाली. फोनवर थोरलीची बोटं कीबोर्डवर टकटकली. मग त्याच फोनमधून आजोबांचा आवाज आला. दिरांनी कप खाली ठेवला.

"दादाच हाय," ते म्हणाले, आणि उठून खिडकीशी गेले.

खोटं बोलणाऱ्याला पकडणं सोपं असतं. माणूस खरं बोलत असूनही समोरच्याला ते का पटत नाही, हे शोधणं अवघड. ते मी नोकरीत नाही, त्या दिवशी शिकले.

नक्कल लगेच उतरवून घेतली. गोष्ट अर्धीच आहे. कोल्हा उसात शिरतो आणि आजोबा घोरायला लागतात. कॉम्प्युटर गेला, कोल्हा, ऊस आणि ते घोरणं तुमच्याकडे शाबूत आहे.