नखाचा आंबा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर आंब्याची अढी घातली. राधानगरीकडं हौसाच्या भावाचं रायवळ आंब्याचं झाड आहे, तिकडनं दोन पोती आली होती. आतल्या खोलीत तिनं भाताचं पिंजार पसरलं. मी एकेक आंबा हातात द्यायचा, तिनं देठाला नाक लावून बघायचा आणि पिंजारात निजवायचा. मधेच मी एकाला अंगठा लावला. नख रुतलं, चीक आला. तिनं चापटच मारली हातावर.

“अवो, दाबू नका म्हंते न्हवं! गाड्यावर गिऱ्हाइकानं बोट लावलं तर गल्ली डोक्यावर घेता, आन घरात?”

“कडक हाय का बघतोय.”

“आज उतरलेला आंबा कडकच असणार की! ठेवा हितं.”

ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे मीच आधी उठलो. हौसा उठली नाही… चूल तशीच राहिली.

राजारामपुरीत माझा फळांचा गाडा होता. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, दुसरं काय येत होतं? पण पोरगी सुनंदा शिकली आणि फळं पिकतात कशी, यावरच संशोधन करायला लागली. एका उन्हाळ्यात घरी आली तेव्हा अढीजवळ बसून आईला सांगत होती, “आई, कच्च्या फळात पिकायचा हुकूम लिहिलेला असतो, त्याला जनुक म्हणतात. ती जनुकं गप पडलेली असतात. पिकल्या फळाचा वायू लागला की जागी होतात. मग ते फळ स्वतःच वायू करतं, आणि त्या वायूनं त्याची आणखी जनुकं जागी होतात, शेजारच्याचीबी.”

हौसा म्हणाली, “मग पयल्याला कोण उठवतंय?”

“वेळ झाली की आपणच उठतं. न्हायतर मार लागला तर. जखमेनंबी जनुकं जागी होतात.”

हौसानं माझ्या अंगठ्याकडं बघितलं; आंबा दाबून बघायची खोड माझी जुनीच. मी म्हणालो, “आंबा पिकाय एवढं शिकाय लागतंय व्हय?” मायलेकी मलाच हसल्या.

हौसा गेल्यावर माणसं भेटायला यायला लागली. बाहेरच्या सोप्यात घोंगडं टाकलेलं, कोपऱ्यात तिचा दिवा. आणि एका दुपारी आतनं वास सुटला… आंब्याचा. रडणारी बाई रडता रडता थांबली आणि नाक पुसायचं सोडून वास घ्यायला लागली. माझी थोरली बहीण, आक्का, कानाशी आली. “शंकर, दुखाचं घर हाय. लगीनघरासारखा वास येतोय. लोक काय म्हणतील?”

लोकांचं सोडा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. बायकोच्या दिव्यासमोर बसून! मान वर करवेना मला. उठलो, अढीवर पोती टाकली, खिडकी लावली, दार ओढून कडी घातली. वाटलं, कोंडला की वास मरंल.

दुसऱ्या दिवशी वास दारात उभा. गल्लीतली पोरंसोरं डोकवायला लागली. सुनंदानं कपाळाला हात लावला.

“बाबा, दार तुम्ही लावलं?”

“लाज वाटाय लागली म्हणून.”

“अहो, वायू आतच कोंडला! सगळी एकदम जागी झाली ना.” एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. “आईनं खिडकी उघडी ठेवली असती…”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कडी काढली, खिडकी उघडली. पोती काढली, पिंजार बाजूला केलं. मधोमध तो होता. नखाच्या जागी काळी चंद्रकोर. त्याच्या भोवतीचे सगळे पिवळेधमक, कडेचे अजून हिरवट. एकेकाच्या देठाला नाक लावलं, पाटी भरली आणि सोप्यात माणसांपुढं आणून ठेवली. सुतकातल्या घरचं कोण खाणार? सगळे खाली बघत बसले. शेजारच्या सुशीलाबाई, बौद्ध, त्याच उठल्या. “आमच्यात सुतक न्हाय, दादा. दर साली पयला आंबा हौसाक्का मला भिंतीवरनं द्यायची. आना.” मग आक्कानंही पदराआड एक घेतला.

नखाचा आंबा मी पाटीत घातला नव्हता. तो धुतला आणि तिच्या दिव्यासमोर बसून खाल्ला. लई गोड होता. लाज वाटत होती… कोय पांढरी होईपर्यंत चोखली.