नानांचं गॅरेज आणि माझं स्टोअर

आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच उभी राहिलेली नाही. ती बाहेर फाटकाला चिकटून धूळ खात असते. आत नाना असतात. नाना म्हणजे माझे सासरे. अंबडच्या एका कारखान्यात ते टूलरूममध्ये फिटर होते. निवृत्त झाले आणि घरच्या शटरच्या आत त्यांनी स्वतःची टूलरूम थाटली. मिक्सर, इस्त्र्या, सायकली, गळके नळ, जे येईल ते दुरुस्त करायचं. सकाळी नऊ ते एक आणि दुपारी चार ते सात, अगदी ड्युटीसारखं.

मागच्या दिवाळीनंतर नाना त्या गॅरेजमध्ये पडले आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. "पाईपवर पाय पडला," असं त्यांनी सांगितलं. ते गॅरेज ज्याने एकदा बघितलंय त्याला शंका यायचं काही कारणच नव्हतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर घालून परत येताना नवरा गाडी चालवत म्हणाला, "बास झालं, नाना. आता गॅरेजला कुलूप. किल्ली माझ्याकडे राहील."

नाना खिडकीतून बाहेर बघत राहिले. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाचा दिवस एका वाक्यात रिकामा झाला होता. मला गहिवरून वगैरे आलं नाही. मला पुढचं दिसलं. हे आता दिवसभर घरात बसणार, टीव्ही मोठा करणार आणि माझ्या स्वयंपाकघरातली एकेक बिजागरी तपासणार. मी म्हणाले, "अहो, प्लास्टर निघेपर्यंत थांबा. तोवर मी गॅरेज आवरून देते. मग बघा आणि ठरवा."

"तू?" मागच्या सीटवरून आवाज आला. "तू स्टोअरवाली. तुला कुठं हत्यार चालवायची सवय हाय?"

"चालवायची नाही. जागेवर ठेवायची आहे."

मी एका कंपनीचं स्टोअर सांभाळते. कुठला माल कुठल्या रॅकवर कितव्या कप्प्यात, हे बघणं माझं काम. आमच्याकडे साधी पद्धत आहे. वर्षभरात वापरली नाही त्या वस्तूला लाल चिठ्ठी बांधायची. दहा दिवसांत कुणी कारण देऊन "ही मला लागते" असं सांगितलं नाही, तर वस्तू बाहेर. रविवारी सकाळी मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि सुतळी घेऊन गॅरेजमध्ये शिरले. नानांनी दारात प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि गळ्यात अडकवलेला हात सांभाळत पहाऱ्याला बसले.

"हे काय आहे?"

"पंख्याचं पातं."

"एकच?"

"लागंल ना. एखाद्या पंख्याची दोनच शाबूत असत्यात."

"आणि हा पंप?"

"नांदगावच्या मळ्यातला. माझ्या बापाचा."

"चालतो?"

"बाप होता तेव्हाबी चालत नव्हता."

संध्याकाळपर्यंत चौसष्ट चिठ्ठ्या लागल्या. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर शोकेसमधल्या डिनर सेटला लाल चिठ्ठी. बेडरूममधल्या व्यायामाच्या सायकलला लाल चिठ्ठी, तिच्यावर वाळत घातलेल्या टॉवेलसकट. नाना सोफ्यावर बसले होते आणि प्लास्टरवर तिसरी चिठ्ठी बांधलेली होती.

"ही कुणी लावली?"

"तुझ्या नवऱ्यानं. मी निस्ती लिहिली."

मी कात्री आणून ती सुतळी कापली. बाकीच्या दोन मात्र तशाच ठेवल्या, कारण नाना बरोबर होते. डिनर सेट लग्नात आला तेव्हापासून कुणी त्यात जेवलं नव्हतं. मग आमचा सौदा झाला. मी डिनर सेट आणि सायकल देऊन टाकायची, त्यांनी पंपासकट चाळीस वस्तू सोडायच्या. भंगारवाल्याच्या हातगाडीला दोन फेऱ्या पडल्या. तो सायकलवर बसून बघत होता तेव्हा नाना मला म्हणाले, "बघ, घेतल्यापासून पहिल्यांदा कुणी चालवली."

त्यानंतर साफसफाई. मुरलेलं ऑइल पाण्याने निघत नाही, नुसतं पसरतं. मी वखारीतून लाकडाचा भुसा आणला, जमिनीवर पसरला, रात्रभर राहू दिला आणि सकाळी झाडून काढला. कोपऱ्यातला लोखंडाचा कीस जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाने उचलला. चुंबक आधी पिशवीत घालायचं, म्हणजे पिशवी उलटी केली की कीस सुटा होतो. ही युक्ती नानांची. खुर्चीतून सांगितली, आणि सांगताना "एवढंबी येत नाय" हे जोडलं.

नट-बोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत होते. आतलं दिसत नाही म्हणून एकेका खिळ्यासाठी सात डबे उघडायचे. डब्यांवर लेबल लावणार होते, पण नानांना बारीक अक्षर आता दिसत नाही आणि तसं ते कबूल करत नाहीत. मग प्रत्येक डब्यात जे आहे त्यातला एक नग झाकणावर चिकटवला. वायसरच्या डब्यावर वायसर, खिळ्यांच्या डब्यावर खिळा. वाचायचा प्रश्नच मिटला.

शेवटी बोर्ड. प्लायवूडचा मोठा तुकडा पांढरा रंगवला, खिळे ठोकले, पाने, पकडी, हातोड्या, कानशी, करवती टांगल्या आणि प्रत्येकाच्या कडेने काळ्या मार्करने आकार आखला. हत्यार उचललं की मागे त्याचा आकार राहतो, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनच कळतं. आमच्या कंपनीत अशा बोर्डाचे फोटो काढायला पाहुणे येतात.

"खून झाल्यावर मड्याभोवती खडूनं आखत्यात, तसं दिसतंय," नाना म्हणाले. पण खुर्ची बोर्डासमोर ओढून घेतली.

डिसेंबरची थंडी होती. ऊन आत यावं म्हणून शटर पूर्ण वर असायचं. कॉलनीत सकाळी फिरणारी मंडळी थांबून बघू लागली. समोरचे काका तर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "वा, वहिनी! हे तर दुकानच झालं. तो मोठा पाना द्या जरा, पाच मिनिटांत आणतो." मागून कुणी पक्कड मागितली, कुणी करवत. मला कौतुक आवडत होतं, मी हसून देत होते. शनिवारी बघितलं तर बोर्डावर पाच आकार मोकळे. काय गेलं ते बोर्ड चोख सांगत होता. कुणाकडे गेलं ते त्याला माहीत नव्हतं, आणि मला आठवत नव्हतं.

चूक माझीच होती. कंपनीत माझ्या आणि लोकांच्या मध्ये एक जाळीची खिडकी आहे. तिच्यातून सही केल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा बाहेर जात नाही. मी घरी बोर्ड आणला, चिठ्ठ्या आणल्या. जाळी तेवढी आणायची राहिली होती. उलट आतापर्यंत जे कुणाला सापडत नव्हतं ते मी सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर मांडून ठेवलं होतं.

"म्हणून तर मी..." नाना म्हणाले.

"म्हणून तुम्ही काय?"

"काय नाय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. गॅरेजचा माळा तेवढा आवरायचा राहिला होता, म्हणून मी शिडी लावून वर चढले. रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे सिमेंटची गोणी होती. गोणीत ड्रिल मशीन, पान्यांचा कोरा सेट आणि लेव्हलची पट्टी, तिन्ही जुन्या धोतरात गुंडाळलेली. खाली उतरून कपाट पुढे ओढलं, तर त्याच्यामागे तीन पायांचं स्टूल. चौथा पाय शेजारीच पडला होता.

मी स्टूल नानांच्या समोर आणून ठेवलं. ठेवलं म्हणजे भिंतीला टेकवलं.

"नाना, तुम्ही पाईपवरून पडलात ना?"

"हां."

"मग याचा पाय कोणी मोडला?"

नाना बोर्डाकडे वळले. मग म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांगू नको."

सगळं कळायला मला पाच मिनिटं लागली. दोन वर्षांपूर्वी समोरच्या काकांनी ड्रिल मशीन नेलं. त्यांच्याकडून ते साडूकडे गेलं, साडूकडून सटाण्याला, कांद्याच्या चाळीला पत्रे ठोकायला. सहा महिन्यांनी परत आलं तेव्हा वायर दुसरीच होती. तेव्हापासून चांगली हत्यारं माळ्यावर जायची. काम निघालं की नाना स्टुलावर चढून ती काढायचे, काम झालं की पुन्हा चढून ठेवायचे. आणि खालचा पसारा? तो तर मुद्दाम ठेवलेला. मागायला आलेल्याला सांगता यायचं, "बघ बाबा, सापडलं तर ने." कुणाला सापडायचं नाही.

"त्यापेक्षा सरळ नाही म्हणायचं."

"दारात येऊन माणूस नाना म्हणतो. त्याला नाय कसं म्हणायचं? तुझं बरंय, तुझ्या पुढं जाळी हाय."

"तुमच्या टूलरूममध्ये कसं होतं? हत्यार कोणी नेलं ते कसं कळायचं?"

"बिल्ला टांगायचा. पितळंचा, नंबरवाला. हत्यार काढलं की त्या खिळ्यावर आपला बिल्ला. हत्यार आणून दिलं की बिल्ला परत. बिल्ला नसंल तर सुट्टी झाल्यावर गेटातून सोडायचे नाय."

"मग इथेही तेच करा."

"कॉलनीवाल्यांकडं कुठला आलाय बिल्ला?"

एवढ्यात समोरचे काका आले. मोठा पाना परत आणला नव्हताच, आता छोटा हवा होता. नानांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नजर पायांवर थांबली.

"न्या की. एक चप्पल ठेवून जा."

"काय नाना, थट्टा करता!"

"थट्टा नाय. टूलरूमचा नियम हाय. सुनबाईनं लावलाय."

नाव माझं पुढे केलं, हे मी लक्षात ठेवलं. काका हसले, माझ्याकडे बघितलं, मी हसले नाही. त्यांनी उजवी चप्पल काढली. नानांनी ती मला खिळ्याला टांगायला लावली, छोट्या पान्याच्या आकारावर बरोबर मधोमध. पंधरा मिनिटांत काका दोन्ही पाने घेऊन हजर. बाकी कॉलनीत मी घरोघर निरोप पाठवला. पुढच्या दोन दिवसांत बोर्ड भरला. एकाने हुशारी करून घरातली जुनी तुटकी चप्पल हातात आणली, तर नाना म्हणाले, "ही नाय चालायची. पायातली."

माळा रिकामा केला आणि रिकामाच ठेवला. सगळं सामान गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली आणलं. हात वर करायला नको, वाकायला नको. ड्रिल मशीन बोर्डावर आलं. वायरी भिंतीच्या कडेने घेतल्या.

प्लास्टर निघालं त्या संध्याकाळी नवरा तपासणीला आला. पायाने जमीन घासून बघितली, डबे उघडले, माळ्यावर टॉर्च मारला.

"वर काहीच नाही?"

"काही नाही," मी म्हणाले.

"इथे एक स्टूल होतं ना?"

नाना माझ्याकडे बघायला लागले.

"त्याला लाल चिठ्ठी लागली," मी म्हणाले. ते खरंच होतं, मी स्वतः बांधली होती. पुढचं कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

"आठ दिवस बघतो," नवरा म्हणाला. "सकाळी मी शटर उघडून देईन, आल्यावर बंद करीन. किल्ली माझ्याकडे. एकदा जरी काही झालं, तर कायमचं कुलूप."

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नानांना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, नाही. डबा अर्धाच झाला होता. तो बंद केला आणि समोरच्या काकूंना फोन लावला. "अहो, जरा आमच्या गॅरेजमध्ये डोकावता का?"

"डोकावायला कशाला हवं? इथूनच दिसतंय," काकू म्हणाल्या. "आमचे हे एका पायावर उभे आहेत तिथे. ड्रिल हवंय म्हणे. तुमचे सासरे म्हणतात, ड्रिलला दोन्ही चपला लागतात. भांडण चाललंय, फोन कोण उचलणार?"

मी डबा पुन्हा उघडला.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी पोळ्या करत होते. नवरा ऑफिसातून आला तो थेट गॅरेजमध्ये गेला. स्कूटरचा आरसा सैल झाला होता. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघरात आला. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, हातात दहा नंबरचा पाना.

"मी मुलगा आहे म्हटलं. तरी ठेवून घेतला."

"मग?"

"मग काय, दिला." तो खुर्चीवर बसला आणि खिशातून शटरची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "ही नानांनाच देऊन टाक. रोज ऑफिसातून आल्यावर मी कुठे शटर ओढत बसू?"

"तुम्हीच द्या," मी म्हणाले. "आणि आधी तो आरसा घट्ट करा आणि बूट सोडवून आणा. मी पानं वाढतेय."