जळकोटहून लातूरला, सुनंदासोबत

नांदेड सोडताना वाटलं होतं, मैत्रिणीच्या शिबिरात थोडी मदत करायची आणि मराठवाडा बघायचा. डॉ. वैशालीचा नांदेडला खासगी दवाखाना आहे. तिची गाडी गावोगावी फिरून साखर, रक्तदाब तपासते आणि संमती असेल तर एचआयव्हीही. शंका आली, तर पक्क्या तपासणीसाठी आणि मोफत औषधांसाठी माणसाला सरकारी रुग्णालयात पाठवते.

मुखेडला बाजाराचा दिवस होता. भाकरी-ठेचा खाल्ला, ठसक्यानं डोळ्यांत पाणी आलं. पुढे काळी रानं, तुरीची शेतं आणि जळकोट.

तिथे सुनंदा भेटली. (नाव बदललंय; लिहायची परवानगी तिनंच दिली.) सारखा थकवा येतो म्हणून साखर बघायला आलेली. साखर ठीक होती, पण संमतीनं केलेल्या एचआयव्हीच्या तपासणीत शंका आली. वैशालीनं तिला पडद्याआड नेऊन बराच वेळ समजावलं. बाहेर येऊन ती माझ्याशेजारी बसली आणि तिनंच मला सगळं सांगितलं.

"सासूला कळलं तर घरात ठेवत न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही संगट (सोबत) येता का लातूरला?"

सासू लेकीकडे उदगीरला गेलेली, म्हणून दुसऱ्याच दिवशी निघालो. वाटेत एसटी पंक्चर झाली. बाभळीखाली उभे राहून दुसऱ्या गाडीची वाट बघितली.

लातूरच्या सरकारी रुग्णालयात पक्की तपासणी झाली. शंका खरी ठरली. एचआयव्हीची औषधं देतात त्या विभागाकडे आम्ही वळलो आणि सुनंदानं माझं मनगट घट्ट धरलं. बाकावर पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती.

"आत्याबाई," सुनंदा पुटपुटली. सासूला ती तसंच म्हणते.

मला वाटलं, म्हातारी आमच्या मागावर आली. मग तिच्या मांडीवरच्या पिशवीत गोळ्यांची बाटली दिसली. म्हातारीनं पिशवी पदराखाली ओढली.

"तू लगीन होऊन आलीस त्याच्या आधीपासून ह्या गोळ्या घेऊन राहिले मी," ती शेवटी म्हणाली. "तुझा सासरा ह्याच रोगानं गेला. कुणाला बोलले न्हाई. लेकीकडं जाते म्हणायचं अन् हितं यायचं."

सुनंदा तिच्याशेजारी बाकावर बसली. घरात सासूचं ताट, तांब्या कायम वेगळा. आपण तिला आवडत नाही, असंच सुनंदा समजत आलेली. एकत्र जेवल्यानं काही होत नाही, हे आतल्या समुपदेशक ताईंनी सांगितलं. म्हातारीला ते ठाऊक होतं, पण नातवंडं असलेल्या घरात मन धजत नव्हतं.

औषधं घेऊन स्टँडवर आलो. म्हातारीनं पेरू घेतले, मीठ लावलं आणि फोडींचा कागद दोघींच्या मध्ये ठेवला. आता नवऱ्याला काय सांगू, असं सुनंदानं विचारलं.

"माझ्या लेकाला मी सांगते," ती म्हणाली. "त्याची बी तपासणी करू. तू खा."

नांदेडला परतल्यावर वैशालीनं विचारलं, काम झालं का. मी हो म्हटलं. एकाच चुलीवरचं जेवणारी एक बाई इतकी वर्षं एकटी आजारी होती. वैशालीची गाडी त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेली असती, तर दुसरीही तशीच एकटी राहिली असती.